कारखान्याची अडचण बाहेरच्या माणसाला विचारायची कशी

जून उजाडला की आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, एकच विषय असायचा, ब्लो होल. सिलिंडर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, कास्टिंग (ओतीव नग) वरून अगदी स्वच्छ दिसायचं. ग्राहकाकडे मशिनिंगला लागलं की आत मुगाएवढं, कधी वाटाण्याएवढं भोक उघडं पडायचं आणि टेम्पो भरून माल आमच्याकडे, कोल्हापूरजवळच्या शिरोलीला परत. कारण आम्हाला ठाऊक होतं. हेडच्या आत पाणी खेळायला जी पोकळी लागते, तिच्यासाठी वाळू आणि रेझिन (चिकटद्रव्य) यांचा कोअर साच्यात बसवतात. पावसाळ्यात तो कोअर ओल धरतो. त्यावर १,४०० अंशांच्या आसपासचं लोखंड पडलं की त्या ओलीची वाफ होते, वायू धातूत अडकतो आणि भोक राहतं. कारण माहीत असूनही तीन पावसाळे आम्ही त्यातून सुटलो नाही. रेझिन बदललं, कोटिंग बदललं, कोअर दोनदा भाजून पाहिले.

मी या कारखान्यात क्वालिटी आणि डेव्हलपमेंट बघते. चौथ्या पावसाळ्याआधी आम्ही ही अडचण घेऊन बाहेर पडलो. त्यानंतर आणखी चार-पाच अडचणी अशाच बाहेर नेल्या, काही सुटल्या, काही नाहीत. या कामाला ओपन इनोव्हेशन म्हणतात. हेन्री चेसब्रो या अमेरिकी प्राध्यापकांनी २००३ मध्ये हे नाव रूढ केलं. नाव मोठ्या कंपन्यांचं वाटतं, पण पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्यालाही हे जमतं, आणि खरी गरज त्यालाच आहे, कारण त्याच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नसते. आपल्या भागातल्या लहान कारखानदारांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून कसं करायचं ते लिहिते आहे.

आधी एक कागद लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आमच्या पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं: ‘कमी खर्चात चांगला कोअर ओव्हन हवा.’ तो कागद पाहून ओव्हन विकणारे आले, दुसरं कोणी येणारच नव्हतं. अडचण सांगण्याऐवजी मी माझ्या डोक्यातलं उत्तर सांगितलं होतं आणि फक्त त्याची किंमत विचारली होती.

दुसरा कागद लिहायला पंधरा दिवस गेले. त्यातली मुख्य ओळ अशी होती:

‘वाळू आणि चिकटद्रव्याची, वहीएवढी, ९०० ग्रॅम वजनाची नाजूक वस्तू. भट्टीतून निघते तेव्हा कोरडी असते. वापरायला ८ ते १६ तास लागतात. तेवढा वेळ ती ८५ ते ९५ टक्के आर्द्रतेच्या हवेत राहते. या वेळात तिने ओल धरू नये. तिच्यावर तेल, मेण किंवा जळल्यावर वायू सोडणारं काहीही लावता येणार नाही. पकडताना कडा मोडतात, म्हणून हात कमीत कमी लागावा. सकाळी ६ ला वजन केलेला नग रात्री १० ला पुन्हा तोलला तर २ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलेला नसावा.’

खाली आम्ही आजवर काय काय करून पाहिलं, त्याचं काय झालं आणि खर्चाची आमची मर्यादा किती, हे लिहिलं. या कागदात ‘कोअर’ हा शब्द नाही, ‘फाउंड्री’ नाही. हे मुद्दाम केलं. आपल्या धंद्याचे शब्द असले की आपल्याच धंद्यातली माणसं वाचतात, आणि त्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. शेवटची दोन ग्रॅमची ओळ सगळ्यात मोलाची. उत्तर जमलं की नाही हे ठरवायला वजनकाटा पुरेसा होता. ‘दर्जा सुधारावा’ असं लिहून भागत नाही. पुढे पैसे द्यायची वेळ आली की त्यावरूनच वाद होतात.

कागद बाहेर पाठवण्याआधी तो आत फिरवा. आम्ही तो टाइम ऑफिसशेजारी लावला आणि कोअरशॉपमधल्या बायकांना वाचून दाखवला. त्यातल्या एकीने लगेच सांगितलं, ‘मॅडम, दिवसाचे नाही, पहाटेचे खराब होतात. तीन ते सहाचे.’ पहाटे शेडमधली हवा सगळ्यात गार आणि ओली असते. आमच्या रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये पाळी लिहिलेली होती, तास नव्हता. तीन वर्षं आम्ही तिला विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक ट्रेला खडूने वेळ लिहायला लागलो आणि तिचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं.

कुणाला विचारायचं

अलास्कातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून तिथल्या समुद्रात तेल सांडलं. थंड प्रदेशात असं तेल गोळा केलं तरी ते पाण्यात मिसळून इतकं घट्ट होतं की बार्जमधून उपसता येत नाही. तेलगळतीवर काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने २००७ मध्ये हा प्रश्न इनोसेंटिव्ह या ऑनलाइन मंचावर जगापुढे ठेवला. उत्तर दिलं जॉन डेव्हिस या इलिनॉयमधल्या रसायनतज्ज्ञाने. त्याचा तेलधंद्याशी संबंध नव्हता. काँक्रीट ओतताना ते वाहतं राहावं म्हणून व्हायब्रेटर लावतात, हे त्याने पाहिलेलं होतं. तेच तेलाला लावा, असं त्याने सुचवलं. त्याला २०,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. आपल्या घराचा स्लॅब पडताना जो व्हायब्रेटर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, तोच.

म्हणून यादी करताना एकच प्रश्न स्वतःला विचारा: ही अडचण दुसऱ्या कुठल्या मालाला येते? गरम, कोरडा, सच्छिद्र माल ओल्या हवेत टिकवायचा आहे. असा माल कोण ठेवतं? आमची यादी झाली पापडवाले, बियाण्यांची गोदामं, औषधाच्या गोळ्या बनवणारे, बिस्किटांची भट्टी आणि आजरा-चंदगडचे काजूवाले.

उत्तर काजूवाल्याकडून आलं. आमच्या स्टोअरकीपरच्या नात्यातले एक काका आजऱ्याला काजू प्रक्रियेचा लहान कारखाना चालवतात. ते एका रविवारी आले, सगळं बघितलं, ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या ट्रेवर हात धरला आणि म्हणाले, ‘ताई, गरम माल असा उघड्यावर गार करताय व्हय? गार हुताना त्यो हवा ओढून घेतोय. आमचा गर असा ठेवला तर सकाळपर्यंत मऊ पडंल.’

आम्ही ओव्हनवर तीन वर्षं घालवली, आणि चूक ओव्हननंतरच्या वीस मिनिटांत होती. त्यांच्या सांगण्यावरून ओव्हनला लागूनच पत्र्याचं कपाट केलं, दाराला रबरी बीडिंग लावलं आणि ओव्हनची वाया जाणारी उष्णता आत फिरवली. कपाट ४० अंशांवर राहतं. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ४० अंशांपर्यंत तापवली तरी तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्याखाली येते. हे शास्त्र मला कॉलेजात शिकवलेलं होतं. कोअर आता ओव्हनमधून थेट कपाटात जातात आणि मोल्डिंगला तासाभराला लागतील तेवढेच बाहेर निघतात. दोन ग्रॅमची अट पहिल्याच पावसाळ्यात पाळली गेली. फ्लोअरवर त्याला सगळे काजूचं कपाट म्हणतात.

बाकीच्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. रेझिन आणि बेंटोनाइटचे (साच्याच्या वाळूत मिसळायच्या चिकणमातीचे) सप्लायर पन्नास फाउंड्र्या फिरलेले असतात, त्यांना जरूर विचारा, पण ते त्यांचाच माल सुचवणार हे धरून चाला. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर चॅप्टरच्या बैठकीत शेजारच्या कारखान्यांची माणसं भेटतात. ती स्पर्धक असली तरी वाळू, वीज, धूर यांच्या अडचणी सगळ्यांच्या सारख्याच, त्यावर मोकळेपणाने बोलता येतं. रसायन किंवा मटेरियलचा खोल प्रश्न असेल तर पुण्यात पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि त्याच आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे, तिथे नवे उद्योग काम करत असतात. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून होतं. त्यात मंत्रालयं आणि उद्योग प्रश्न देतात आणि सहा-सहा विद्यार्थ्यांचे संघ ते सोडवतात. सॉफ्टवेअर किंवा सेन्सरचा प्रश्न असेल तर तिथे चांगली मुलं भेटतात.

इंजिनिअरिंग कॉलेजकडे जाताना त्यांचं कॅलेंडर बघा. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टचे विषय सत्राच्या सुरुवातीलाच ठरतात. तुम्ही डिसेंबरात कागद घेऊन गेलात तर तुमची अडचण मनापासून घ्यायला कुणी मोकळं नसतं. आणि मुलांना आठवड्यातून एक दिवस फ्लोअरवर यायला सांगा. नुसता डेटा मेल केला तर नुसता रिपोर्ट परत येतो.

काय दाखवायचं, काय झाकायचं

आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक तर सगळं लपवायचं, नाहीतर ओळखीच्या माणसाला सगळं सांगून टाकायचं.

कॅनडात ऑन्टारियोमधल्या रेड लेक खाणीचं सोनं कमी होत चाललं, तेव्हा गोल्डकॉर्पचे प्रमुख रॉब मॅकइवन यांनी २००० मध्ये खाणीची भूगर्भीय माहिती जगापुढे उघडी केली आणि ५,७५,००० डॉलरची बक्षिसं लावली. खाण धंद्यात ही माहिती म्हणजे तिजोरीच. पहिलं बक्षीस ऑस्ट्रेलियातल्या दोन कंपन्यांच्या जोडीला मिळालं. त्यांनी ती खाण डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. मॅकइवन यांना ते परवडलं कारण जमीन त्यांच्या मालकीची होती. माहिती कुणालाही मिळाली तरी सोनं त्यांचंच राहणार होतं. तुमच्या बाबतीत ती जमीन कोणती आहे, हे आधी ओळखा. आमच्याकडे ती म्हणजे ग्राहकाशी असलेलं नातं आणि हेड ओतायचा हातखंडा. कोअर ओला होतो हे जगाला कळलं तर आमचं काही जात नव्हतं.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण नेटफ्लिक्सचं. २००६ मध्ये त्यांनी, कुणाला कोणता चित्रपट किती आवडेल याचा अंदाज सुधारायच्या स्पर्धेसाठी, प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेले गुण नावं काढून खुले केले. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसऱ्या सार्वजनिक माहितीशी ताडून त्यातली काही माणसं ओळखून दाखवली. पुढे खटला झाला आणि २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द करावी लागली. नाव खोडलं म्हणजे माणूस झाकला गेला असं होत नाही. हजेरी, पगार, आजारपणाच्या नोंदी असा कामगारांचा कुठलाही डेटा बाहेर देताना हे लक्षात ठेवा.

आम्ही दोन पानं करतो. पहिल्या पानावर अडचण, ते कुणालाही द्यायचं. दुसऱ्या पानावर ड्रॉइंग, धातूचं प्रमाण, ग्राहकाचं नाव. ते पान गोपनीयतेच्या करारावर सही झाल्यावरच द्यायचं. पहिल्याच भेटीत करार पुढे केला तर काजूवाले काका चहा पिऊन परत गेले असते. आणि ड्रॉइंग ग्राहकाचं असतं, तुमचं नव्हे. ते दाखवण्याआधी त्याची लेखी परवानगी घ्या.

हक्क आणि पैसे, काम सुरू होण्याआधी

इथे आमचं एकदा नुकसान झालं. एका कॉलेजबरोबर कोअर बसवायचं एक नवं फिक्श्चर तयार केलं. चांगलं झालं होतं, पेटंट घ्यावं असं ठरत होतं. तोवर विद्यार्थ्यांनी त्यावर परिषदेत पेपर वाचला आणि तो छापूनही आला. एकदा गोष्ट जगजाहीर झाली की सहसा ती नवी धरली जात नाही, आणि नवी नसेल तर पेटंट मिळत नाही. मुलांचा दोष नव्हता. पेपर लिहिणं हे त्यांचं कामच आहे. ‘छापण्याआधी ३० दिवस आम्हाला दाखवा’ ही एक ओळ करारात हवी होती, आणि ती आम्ही घातली नव्हती. आता घालतो. पेपर थांबवायचा नाही, त्याआधी अर्ज करायचा. आपल्या पेटंट कायद्यात प्रोव्हिजनल अर्जाची सोय आहे. कल्पनेचं वर्णन देऊन तारीख पक्की करायची आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. लघुउद्योगांना २०२० पासून आणि शिक्षणसंस्थांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे खर्चाचं कारण उरलेलं नाही.

बाहेरच्याकडून सॉफ्टवेअर किंवा डिझाइन करून घेत असाल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ आपल्या वकिलाकडून समजून घ्या. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही, तो लेखी लिहून घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. तुमचं मशिन परदेशात विकायचं असेल तर ही एक ओळ राहून चालणार नाही.

पैशाचं आम्ही असं ठेवलं आहे: येऊन बघायचे आणि चाचणीचे ठरलेले पैसे, उत्तर जमो वा न जमो. कागदावरची अट पाळली गेली तर मोठी रक्कम, आणि ती किती हे आधी लिहिलेलं. काका पैसे घ्यायला तयार नव्हते. ‘पाव्हण्याच्यात कसलं पैसं’ म्हणाले. तरीही आम्ही रीतसर बिल मागून चेक दिला. ओळखीतल्या माणसाचं ज्ञान फुकट घ्यायची आपल्याकडे फार सवय आहे आणि ती मोडली पाहिजे. प्रा. अनिल गुप्ता यांच्या हनी बी नेटवर्कने गावोगावच्या कारागिरांचं, शेतकऱ्यांचं ज्ञान गोळा करताना पहिल्यापासून एक नियम ठेवला: ज्याचं ज्ञान त्याचं नाव, आणि त्याला ते त्याच्या भाषेत परत कळवायचं. आम्ही कपाटावर काकांच्या नावाची आणि पहाटेची वेळ सांगणाऱ्या आमच्या कामगार बाईंच्या नावाची पाटी लावली आहे.

ज्यांचं उत्तर आपण घेत नाही त्यांनाही पंधरा दिवसांत कळवा, कारण सांगून. आम्हाला सत्तावीस उत्तरं आली, सव्वीस जणांना पत्र गेलं. त्यातले दोघे पुढच्या अडचणीला पुन्हा आले.

उत्तर आत घेणारा माणूस

नेटफ्लिक्सच्या त्याच पहिल्या स्पर्धेत २००९ मध्ये अंदाजात दहा टक्के सुधारणा करणाऱ्या संघाला १० लाख डॉलर मिळाले. तरी ते पूर्ण उत्तर कंपनीने कधीच वापरात आणलं नाही. ते रोजच्या कामात बसवायला जेवढी मेहनत लागली असती, त्या मानाने फायदा थोडा होता. आमच्याकडेही एका सल्लागारांचा गेटिंगवरचा (साच्यात धातू जायच्या वाटांवरचा) उत्तम रिपोर्ट दोन वर्षं कपाटात पडून राहिला, कारण मोल्डिंगच्या सुपरवायझरला तो छापून झाल्यावरच कळला. त्याच्या जागी मी असते तर मलाही तो परका वाटला असता.

आता कागद बाहेर जाण्याआधी आम्ही त्यावर आतल्या एका माणसाचं नाव लिहितो. बाहेरचा माणूस आला की त्याला फ्लोअर हाच दाखवणार, चाचणी हाच घेणार आणि नको म्हणायचा अधिकारही याचाच. चाचणीसाठी एक पाळी आणि शंभर नग त्याच्या नावे बाजूला ठेवतो. त्या दिवशी उत्पादन कमी झालं तर त्याला कोणी विचारणार नाही, हे मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं असतं. हे सांगायला मालक तयार नसतील तर अडचण बाहेर नेऊ नका. बाहेरच्या माणसाचा वेळ फुकट जाईल.

सध्या आमच्या टेबलावर वापरलेल्या वाळूचा कागद आहे. तो अजून पूर्ण झालेला नाही, पण पहिल्या पानाची सुरुवात अशी आहे: ‘काळी, बारीक वाळू. तिच्यात जळलेली चिकणमाती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली आहे. रोज दोन ट्रॉल्या निघते. टाकायला जागा उरलेली नाही. या वाळूचा कुणाला उपयोग आहे का, किंवा ती धुऊन पुन्हा साच्यात घेता येईल का?’ विटा पाडणारे, रस्त्याचे कंत्राटदार आणि कुंभार यादीत आले आहेत. जमल्याची खूण काय धरायची यावर सँड प्लांटच्या सुपरवायझरशी येत्या गुरुवारी बसणार आहे.